पानगळ: टी-पेशी मरतात, की त्यांना जगवणं थांबतं?

सूक्ष्मदर्शी (धागाकर्ता)

मागच्या शुक्रवारी निघायच्या घाईत टी-पेशींच्या (रोगप्रतिकारक पांढऱ्या पेशींची एक जात) फ्लास्कमध्ये नवं माध्यम, म्हणजे त्यांचं पोषक द्रव, ओतलं आणि त्यात आयएल-२ (इंटरल्यूकिन-२, टी-पेशींना संदेश देणारं प्रथिन) घालायचं राहून गेलं. सोमवारी सकाळी इन्क्युबेटर उघडला तेव्हा आधी रंग खटकला. पेशी धडधाकट वाढत असल्या की दोन-तीन दिवसांत माध्यम आम्लधर्मी होतं आणि त्यातला फिनॉल रेड पिवळा पडतो. माझं माध्यम मात्र आत्ताच ओतल्यासारखं गुलाबी. सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं तर आक्रसलेल्या, अंगभर फोड आलेल्या पेशी आणि त्यांचे तुकडे. ट्रायपॅन ब्लू (फक्त मेलेल्या पेशींत शिरणारा निळा रंग) घालून मोजलं. शंभरात जेमतेम सहा-सात जिवंत.

आता यात मजा काय ते सांगतो. तापमान ३७ अंशच होतं. ग्लुकोज भरपूर, अमिनो आम्लं होती, सीरम होतं. जंतू शिरले नव्हते, विष पडलं नव्हतं. कमी होतं ते एकच प्रथिन, तेही एरवी मिलिलिटरमागे काही नॅनोग्रॅम घालतो तेवढं. भरल्या ताटावरून पेशी उठून गेल्या. (बोलणी बसली ती वेगळीच, तो विषय नको.)

या प्रकारच्या मरणाला अपोप्टोसिस म्हणतात. १९७२ मध्ये केर, वायली आणि करी या तिघा पॅथॉलॉजिस्टांनी हे नाव दिलं, आणि ते त्यांना सुचवलं ॲबर्डीन विद्यापीठातल्या ग्रीकच्या प्राध्यापकांनी. ग्रीकमध्ये त्याचा अर्थ पाकळ्या किंवा पानं गळून पडणं. आपल्याकडे त्याला नेमका शब्द तयार आहे, पानगळ. मी इथे तोच वापरणार आहे.

आत काय घडतं ते थोडक्यात. मरणाचं सगळं सामान पेशीत आधीपासून भरलेलं असतं. कॅस्पेज नावाची विकरं म्हणजे म्यानात ठेवलेल्या कात्र्या. सायटोक्रोम सी हे प्रथिन एरवी मायटोकॉन्ड्रियात (शाळेतली तंतुकणिका) श्वसनाचं काम करतं. पण बॅक्स आणि बॅक या दोन प्रथिनांनी मायटोकॉन्ड्रियाच्या बाहेरच्या आवरणाला भोकं पाडली की ते पेशीरसात सांडतं, तिथे ॲपॅफ-१ ला चिकटतं, सात आऱ्यांचं एक चाक तयार होतं आणि त्या चाकावर पहिली कात्री, कॅस्पेज-९, म्यानाबाहेर येते. ती पुढच्यांना उघडते. मग थांबणं जवळजवळ नाहीच. श्वसनातलं हे प्रथिन मरणाच्या कामालाही लागतं हे १९९६ मध्ये शाओडाँग वांग यांच्या प्रयोगशाळेतून पुढे आलं तेव्हा पुष्कळांना ते पटेना.

बॅक्स-बॅकला आवरून धरणारी मंडळी म्हणजे बीसीएल-२, बीसीएल-एक्सएल आणि एमसीएल-१. आणि या राखणदारांना गुंतवून ठेवणारी बिम, प्यूमा वगैरे. कुणाचं पारडं जड, यावर पेशीचं भवितव्य.

आयएल-२ इथे नेमकं काय करतं? ते ग्राहकाला (रिसेप्टर, पेशीवरचं संदेश धरणारं प्रथिन) बसलं की दोन फाटे फुटतात. एका फाट्यावर जॅक प्रथिनं स्टॅट५ ला चेतवतात आणि स्टॅट५ केंद्रकात जाऊन बीसीएल-२ चं जनुक चालू ठेवतं. दुसऱ्यावर पीआय३के आणि मग एकेटी. एकेटी फॉक्सओ नावाच्या प्रथिनाला फॉस्फेट लावून केंद्रकाबाहेर काढतं. हा फॉक्सओ आत राहिला तर बिमचं जनुक चालू करतो. म्हणजे आयएल-२ आहे तोवर राखणदार बनतायत आणि बिमला दार बंद. आयएल-२ गेलं की काही तासांत फॉक्सओ परत आत, बिम साठायला लागतं, राखणदारांची नवी भरती थांबते. शनिवारी कधीतरी माझ्या फ्लास्कात हा तराजू कलला असणार.

माझा मुद्दा असा: रोगप्रतिकारक पेशीला मरणाचा हुकूम यावा लागत नाही, जगण्याचा परवाना संपला की पुरे. मार्टिन रॅफ यांनी १९९२ मध्ये जवळपास सगळ्याच पेशींबद्दल हे सुचवलं होतं. टी-पेशींइतकं ते ठळक दुसरीकडे क्वचित दिसत असेल. मतं ऐकायला आवडतील.

निशाचर

रुमाल टाकून ठेवतो. रात्री सावकाश वाचणार.

वाचनमात्र

लेख समजला असं वाटतंय, म्हणजे कुठेतरी चुकलं असणार. एक बाळबोध शंका. मारायच्याच असतील तर एवढ्या पेशी बनवायच्या कशाला? शरीराला असला उधळेपणा परवडतो?

सूक्ष्मदर्शी

@वाचनमात्र, शंका बाळबोध अजिबात नाही. उधळेपणा तुम्हाला वाटतो त्याहून मोठा आहे. उंदराच्या थायमसमध्ये (टी-पेशी जिथे घडतात ती छातीतली ग्रंथी) रोज साधारण ५ कोटी नव्या पेशी तयार होतात आणि बाहेर पडतात १० ते २० लाख. बाकीच्या तिथेच संपतात.

कारण असं की प्रत्येक टी-पेशी आपला ग्राहक जनुकांचे तुकडे कापून-जोडून बनवते, आणि हे जोडकाम जवळपास नशिबावर सोडलेलं असतं. कुठला ग्राहक कशाला धरेल हे आधी कुणालाच माहीत नसतं. म्हणून थायमसमध्ये त्याला शरीराच्या स्वतःच्या प्रथिनांचे तुकडे दाखवतात. ग्राहकाला काहीच धरता आलं नाही, तर संदेश नाही, आणि ती पेशी तीन-चार दिवसांत आपोआप संपते. मरणाऱ्यांत सर्वात मोठा वाटा यांचाच. अगदी घट्ट धरलं, तर ती उद्या स्वतःच्याच शरीरावर उठणार, म्हणून बिम वाढतं आणि ती जाते. हलकंसं धरलं, तर जगली.

मला यात विलक्षण वाटतं ते हे की ग्राहक तोच, खालची संदेशसाखळीही तीच. फरक जोराचा आणि वेळेचा. ईआरके नावाचा दुवा मंद आणि लांबत राहिला तर जगणं, जोरात आणि झटकन उसळला तर मरण. बिम नसलेल्या उंदरांत ही घट्ट धरणाऱ्यांची छाटणी नीट होत नाही, हे २००२ मध्ये दाखवलं गेलं.

उंटावरचा_शहाणा

म्हणजे काहीच न येणारा नापास आणि फार येणारा पण नापास. जेमतेम येणाऱ्याला नोकरी. मी टी-पेशी म्हणून उत्तम चाललो असतो.

अवांतर_बाई

पानगळ शब्दासाठी धन्यवाद. वर्तमानपत्रांत "पेशींची आत्महत्या" असं छापतात ते मला कायम खटकतं. ज्याला मन नाही त्याची आत्महत्या कसली? शिवाय ज्या घरात असं काही घडलंय त्यांना तो मथळा वाचून काय वाटत असेल? "नियोजित पेशीमृत्यू" बरोबर आहे, पण उच्चारताना सरकारी परिपत्रक वाचल्यासारखं वाटतं.

हिरवा_देठ

वनस्पतिशास्त्र शिकवते, म्हणून राहवत नाही. पानगळ ही उपमा तुम्हाला वाटते त्यापेक्षा खोलवर जुळते.

पान कामाचं आहे तोवर त्याच्या पात्यातून ऑक्झिन हे संप्रेरक देठाकडे सतत वाहत असतं. देठाच्या तळाशी पेशींचा एक पातळ थर असतो, गळतीचा थर. ऑक्झिनचा ओघ चालू असेपर्यंत तो थर शांत. पान म्हातारं झालं, ओघ आटला, की हा थर इथिलीनला दाद द्यायला लागतो, भिंती विरघळवणारी विकरं सोडतो आणि पान सुटतं. झाड पानाला ढकलत नाही. पानाकडून "मी आहे" हा निरोप येणं थांबतं. तुमच्या आयएल-२ ची दिशा उलटी, पण तत्त्व तेच.

आणखी एक. फांदी मोडून वाळली तर तिची पानं गळत नाहीत, सुकून तशीच लटकत राहतात. कधी निरखून पाहा. कारण गळण्यासाठी तो थर जिवंत असावा लागतो. मेलेल्या फांदीला पान सोडताही येत नाही.

(उपमा इथेच थांबवते. वनस्पतींत तुमच्यासारखे खरे कॅस्पेज नसतात, त्यांचे दूरचे नातेवाईक असतात.)

सूक्ष्मदर्शी

@हिरवा_देठ, वाळल्या फांदीचं वाचून खुर्चीतून उठलो! हेच टी-पेशींतही दिसतं. पानगळीला ऊर्जा लागते, ते ॲपॅफ-१ चं चाकसुद्धा एटीपीशिवाय (पेशीत ऊर्जा पुरवणारा रेणू) उभं राहत नाही. १९९७ मध्ये मानवी टी-पेशींवर प्रयोग झाले होते. तोच मरणाचा संदेश दिला, पण आतलं एटीपी आधी संपवून ठेवलं, तर पेशी नीट तुकडे होऊन मरण्याऐवजी फुटून, सगळं बाहेर सांडून मरतात. नेटकं मरायलाही ताकद लागते.

चिकित्सक_बुवा

लेख छान आहे, पण "हुकूम यावा लागत नाही" हे वाक्य मला मान्य नाही. धागाकर्त्यांनी एकाच फ्लास्कवरून सगळ्या रोगप्रतिकारक यंत्रणेचा निष्कर्ष काढलाय. फासचं काय?

फास हा पेशीच्या पृष्ठभागावरचा ग्राहक. १९८९ मध्ये जपान आणि जर्मनीतल्या दोन गटांनी स्वतंत्रपणे अशी प्रतिपिंडं बनवली जी नुसती चिकटली तरी पेशी मरायच्या. ती ज्याला चिकटत होती ते हे प्रथिन. नागाता यांच्या गटाने १९९१ मध्ये त्याचं जनुक शोधलं. इथे कुठलाही परवाना संपत नाही. शेजारची पेशी फास-लिगँड घेऊन येते, फासला धरते, आतल्या बाजूला एफएडीडी आणि कॅस्पेज-८ गोळा होतात आणि कात्री थेट उघडते. याला हुकूम नाही म्हणायचं तर कशाला म्हणायचं?

आणि तो हुकूम किती महत्त्वाचा? फास बिघडलेले उंदीर लसिका ग्रंथी आणि प्लीहा फुगून, ल्युपससारख्या (शरीर स्वतःवरच उठतं तो आजार) आजाराने जातात. १९९५ मध्ये माणसांतही तेच सापडलं. आज त्या आजाराला एएलपीएस म्हणतात. लहान मूल, मानेत-काखेत महिनोन्‌महिने न बसणाऱ्या गाठी, मोठी प्लीहा, स्वतःच्याच रक्तपेशींवर हल्ला, आणि रक्तात सीडी४ ही नाही आणि सीडी८ ही नाही (एरवी टी-पेशीवर या दोन ओळखखुणांपैकी एक असते) अशा विचित्र टी-पेशींची गर्दी. पुढे लिम्फोमाचा (लिम्फोसाइट पेशींचा कर्करोग) धोकाही वाढलेला. पहिल्यांदा पाहणाऱ्याला कर्करोगच वाटतो.

यातलं एक गणित मला फार आवडतं. बहुतेक रुग्णांत फासच्या दोन प्रतींपैकी एकच बिघडलेली असते. मग निम्मं काम तरी चालायला हवं ना? पण फास तीन-तीनच्या जुडग्यात काम करतो. तिन्ही चांगले असण्याची शक्यता निम्म्याच्या निम्म्याची निम्मी, म्हणजे आठात एक. एक नासकी प्रत आठातली सात जुडगी नासवते.

सूक्ष्मदर्शी

बुवा, मानलं. वाक्य सैल होतं. "हुकूम यावा लागतोच असं नाही" असं लिहायला हवं होतं. लेखात बदलत नाही, नाहीतर तुमचा प्रतिसाद हवेत लटकेल.

पण अगदी हार मानत नाही. तोच फास ताज्या टी-पेशीवर काम करत नाही. चेतवल्यावर पहिले काही दिवस पेशी फासला दाद देत नाही. सी-फ्लिप नावाचं प्रथिन कॅस्पेज-८ च्या जागी बसून साखळी अडवतं. नंतर ही आडकाठी ढिली होते. म्हणजे हुकूम आला तरी तो लागू व्हायला आतून संमती लागतेच.

आणि कामाची वाटणीही आहे. साधा संसर्ग, आठवड्याभरात आटोपणारा, घ्या. टी-पेशी हजारो पटींनी वाढतात आणि विषाणू गेल्यावर ९० ते ९५ टक्के मरतात, उरलेल्या स्मृतिपेशी. ही ओहोटी मुख्यतः बिमची, म्हणजे परवाना संपण्याची. लढाई संपली, सायटोकाइन (आयएल-२ सारखी संदेशप्रथिनं) आटले, माझ्या फ्लास्कसारखं. फासची गरज लागते ती शत्रू जातच नाही तेव्हा, किंवा "शत्रू" म्हणजे स्वतःचंच शरीर असतं तेव्हा. एकच टी-पेशी पुन्हापुन्हा चेतवली जाते आणि स्वतःच फास-लिगँड बनवायला लागते. २००८ मध्ये बिम आणि फास दोन्ही नसलेल्या उंदरांवरचं काम आलं. एकेक नसताना जे आजार सावकाश येत होते ते या उंदरांत लवकर आणि कितीतरी तीव्र आले. दोन्ही वाटा एकमेकींची उणीव भरून काढत होत्या.

चिकित्सक_बुवा

हे मान्य. फ्लास्कच्या तुलनेत आता बरंच सुधारलंत.

परीक्षार्थी

मी एमएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. सर, तुमच्या लेखाप्रमाणे आयएल-२ टी-पेशींना जगवतं. मग आयएल-२ चं जनुक काढून टाकलेल्या उंदरांत टी-पेशी कमी व्हायला हव्यात. आम्हाला मात्र शिकवलं की त्या उंदरांत टी-पेशी वाढतात आणि ऑटोइम्यून आजार होतो. पुस्तकात कारण दिलंय की आयएल-२ मुळेच टी-पेशी चेतना-प्रेरित मृत्यूसाठी तयार होतात. मग आयएल-२ तारतं की मारतं?

सूक्ष्मदर्शी

सर नका म्हणू, इथे सगळे सारखेच बिनपगारी. प्रश्न मात्र झकास आहे.

तुमचं पुस्तक चूक नाही, अर्धं आहे. १९९१ आणि १९९३ मध्ये ते उंदीर समोर आले तेव्हा सगळे चक्रावले. टी-पेशींचं पोषक काढलं आणि टी-पेशीच बोकाळल्या, आतड्याला सूज आली. त्या वेळी सुचलेलं स्पष्टीकरण म्हणजे तुम्ही लिहिलंय ते. आयएल-२ मिळालेली पेशी पुन्हा चेतवली की मरते, हे बशीत खरंच दिसत होतं आणि आजही दिसतं.

पण मोठं कारण दुसरीकडे होतं. १९९५ मध्ये साकागुची यांनी सीडी२५ असलेल्या, इतर टी-पेशींना आवरणाऱ्या नियामक टी-पेशी दाखवल्या. सीडी२५ म्हणजे आयएल-२ च्या ग्राहकाचाच एक भाग! या नियामक पेशी स्वतः आयएल-२ जवळपास बनवत नाहीत, पण त्यांना ते लागतंच. आयएल-२ गेलं की आधी बंदोबस्तावरचे पोलीस जातात, मग गर्दी बोकाळते. (या शोधासाठी साकागुची, ब्रंको आणि रॅम्सडेल यांना २०२५ चं नोबेल मिळालं.)

आणि आता माझा आवडता भाग. २००७ मध्ये उंदरांच्या पेशींवर दाखवलं गेलं की या नियामक पेशी आजूबाजूचं आयएल-२ पिऊन टाकतात आणि शेजारच्या लढाऊ टी-पेशी त्याविना बिमच्या वाटेने मरतात. मी शुक्रवारी जे विसरून केलं, ते या मुद्दाम करतात.

परीक्षार्थी

तोंडी परीक्षेत हेच सांगते. तुमच्या विसरण्यासकट.

निशाचर

वाचलं. दोनदा. आता माझी शंका. टीएनएफ म्हणजे गाठींना मारणारा घटक ना? मग सांधेदुखीच्या रुग्णांत तो भरपूर असतो, तरी तिथल्या पेशी मरत का नाहीत? मरत असत्या तर सूज आपोआप उतरली असती.

सूक्ष्मदर्शी

नाव १९७५ चं आहे आणि दिशाभूल करणारं आहे. बहुतेक पेशींवर नुसता टीएनएफ ओतला तर त्या मरत नाहीत, उलट आरडाओरडा सुरू करतात, म्हणजे सूज आणणारे रेणू बनवतात. का, ते सांगतो.

टीएनएफ ग्राहकाला बसला की पेशीपटलापाशी आधी एक टोळकं जमतं: ट्रॅड, आरआयपीके१, ट्रॅफ२, त्यांच्यावर युबिक्विटिन या छोट्या खूण-प्रथिनाच्या साखळ्या. हे टोळकं एनएफ-कप्पा-बी ला चेतवतं. तो केंद्रकात जाऊन सूजेची जनुकं चालू करतो आणि त्याच फेरीत सी-फ्लिपसारखी बचावाची प्रथिनंही बनवून घेतो. संदेश एकच, पण तो स्वतःचा उतारा बरोबर घेऊन येतो. नवीन प्रथिनं बनणं औषधाने थांबवलं की उतारा बनत नाही. मग ते टोळकं विस्कटतं, आत सरकतं, कॅस्पेज-८ ला जोडून घेतं आणि पेशी मरते. १९९५ मध्ये एनएफ-कप्पा-बी चा मुख्य घटक काढलेले उंदीर गर्भातच यकृत नष्ट होऊन मेले. नंतर त्याच उंदरांतून टीएनएफही काढला तर गर्भ वाचले.

आता समजा एखाद्या विषाणूने कॅस्पेज-८ च बंद केलं. काउपॉक्सच्या विषाणूकडे त्यासाठी क्रमए नावाचं प्रथिन आहेच. मग पेशी विषाणूच्या ताब्यात? नाही. कॅस्पेज-८ चं एक काम म्हणजे आरआयपीके१ आणि आरआयपीके३ या जोडीला आवरून धरणं. ते थांबलं की ही जोडी एमएलकेएल ला चेतवते, एमएलकेएल पेशीपटलाला भोकं पाडतं आणि पेशी फुटते. ही नेक्रॉप्टोसिस, हुकमी फुटणं. पानगळ गुपचूप होते, ही बोंब ठोकून, म्हणजे आसपासच्यांना धोका कळतो. आरआयपीके३ नसलेले उंदीर व्हॅक्सिनिया या काउपॉक्सच्या नात्यातल्या विषाणूपुढे टिकत नाहीत.

इथे माझी आधीची समजूत सपशेल पडली होती. कॅस्पेज-८ मारेकरी म्हणून शिकलो होतो. कॅस्पेज-८ नसलेले उंदीर गर्भातच मरतात, आणि बरोबर आरआयपीके३ ही काढलं तर जन्मतात, वाढतात, हे २०११ मध्ये कळलं. म्हणजे मारेकरी रोजच्या दिवशी राखणदाराचं काम करत होता.

ठणठणीत

एवढं सगळं वाचण्यापेक्षा रोज इम्युनिटी बूस्टर घ्या, पेशी मरणारच नाहीत. हवं असेल तर व्यनि करा.

चिकित्सक_बुवा

@ठणठणीत, न मरणाऱ्या टी-पेशी कशा दिसतात ते मी वर लिहिलंय. मानेत गाठी, मोठी प्लीहा. व्यनि करणार नाही.

उंटावरचा_शहाणा

बुवांनी फास आवळला.

जास्वंद

नमस्कार. माझ्या आईला ल्युपस आहे, बरीच वर्षं स्टेरॉइड चालू आहे. डॉक्टर म्हणतात स्टेरॉइडमुळे पांढऱ्या पेशी मरतात, पण तिच्या रिपोर्टमध्ये पांढऱ्या पेशी वाढलेल्या दिसतात. हे कसं? आणि ल्युपसमध्ये पेशी जास्त मरतात की कमी? इथे इतकी जाणकार मंडळी आहेत म्हणून विचारलं.

चिकित्सक_बुवा

जास्वंदताई, आईंच्या औषधांबद्दल इथे कुणाचंही ऐकू नका, माझंही नाही. रिपोर्ट त्यांच्या डॉक्टरांनाच दाखवा. प्रश्नातलं शास्त्र तेवढं सांगतो.

"पांढऱ्या पेशी" ही एक जात नाही. स्टेरॉइड लिम्फोसाइट (टी-पेशी यांतल्याच) आणि इओसिनोफिल यांना मरणाकडे ढकलतं, न्यूट्रोफिलचं मरण मात्र लांबवतं. शिवाय रक्तवाहिन्यांच्या भिंतीला चिकटून बसलेले न्यूट्रोफिल सुटून प्रवाहात येतात, आणि नळीत घेतलेल्या रक्तात तेच मोजले जातात. म्हणून एकूण आकडा वाढू शकतो. पण संसर्गातही न्यूट्रोफिल वाढतात, तेव्हा कारण स्टेरॉइडच आहे असं घरी ठरवू नका.

ल्युपसबाबत प्रश्न मरण्याइतकाच उचलण्याचा आहे. माणसात रोज साधारण १० हजार कोटी न्यूट्रोफिल बनतात आणि तेवढेच मरतात. मरणारी पेशी आपल्या पटलाच्या आतल्या बाजूचा फॉस्फॅटिडिलसेरीन हा मेदरेणू बाहेर आणते, "मला उचला" अशी खूण म्हणून. मॅक्रोफेज, म्हणजे कचरा गिळणाऱ्या पेशी, तिला गिळतात, आवाज न करता. हे वेळेत झालं नाही तर ती पेशी कुजते, फुटते, केंद्रकातला माल उघड्यावर येतो. ल्युपसमध्ये शरीर जी प्रतिपिंडं बनवतं ती बरीचशी याच मालाविरुद्ध, डीएनएविरुद्ध. सी१क्यू हे पूरक प्रथिन हा कचरा उचलायला मदत करतं. ते जन्मतःच नसलेल्या मोजक्या माणसांपैकी बहुतेकांना ल्युपससारखा आजार होतो.

ल्युपससाठी बेलिम्युमॅब नावाचं औषध आहे, अमेरिकेत २०११ पासून मान्य. ते बी-पेशींना थेट मारत नाही, त्यांना जगवणारा बॅफ हा घटक अडवतं. (हो, @सूक्ष्मदर्शी, परवाना रद्द. हा गुण तुम्हाला.) सर्वांना लागू पडतं असं नाही.

जास्वंद

मनापासून आभार. पुढच्या तपासणीला न्यूट्रोफिलचा वेगळा आकडा विचारते.

निशाचर

न्यूट्रोफिल काही तासच जगतात ना? मग आयुष्य लांबवलं तरी किती लांबणार?

सूक्ष्मदर्शी

काही तास हा जुना आकडा. २०१० च्या एका अभ्यासात ५ दिवसांहून अधिक निघाला, त्यावर मोजण्याच्या पद्धतीवरून खडाजंगी झाली आणि ती मिटलेली नाही. वाद नाही तो एवढ्यावर की न्यूट्रोफिल एमसीएल-१ च्या जिवावर जगतो आणि ते प्रथिन फार अल्पायुषी असतं. सतत नवं बनवत राहावं लागतं. परवाना रोजच्या रोज नव्याने काढायचा.

चिकित्सक_बुवा

जाता जाता एक. बीसीएल-२ सापडलं तेच एका लिम्फोमात, जिथे १४ आणि १८ क्रमांकाच्या गुणसूत्रांचे तुकडे अदलाबदल होतात. तेव्हा कर्करोगाचं जनुक म्हणजे पेशी वाढवणारं, असाच समज. १९८८ मध्ये व्हॉ, कोरी आणि ॲडम्स यांनी दाखवलं की हे जनुक पेशी वाढवत नाही, मरू देत नाही. प्रयोग तुमचाच होता: वाढीचा घटक काढून घेतला, बीसीएल-२ वाल्या पेशी तगून राहिल्या. त्यावरून पुढे बीसीएल-२ ला अडवणारं व्हेनेटोक्लॅक्स आलं, २०१६ मध्ये. रक्ताच्या एका कर्करोगात त्याने पेशी इतक्या झपाट्याने मरतात की त्यांच्या अवशेषांनी मूत्रपिंडं धोक्यात येतात. म्हणून मात्रा पाच आठवड्यांत हळूहळू चढवतात.

वाचनमात्र

सगळं वाचून माझा मूळ प्रश्न बदलला. मेल्या त्या का मेल्या ते कळलं. पण फ्लास्कमधल्या त्या सहा-सात टक्के? त्यांनाही आयएल-२ नव्हतंच. त्या का उरल्या? त्यांच्यात काही खास होतं का?

सूक्ष्मदर्शी

मलाही आधी तसंच वाटलं. सोमवारी फ्लास्क टाकून न देता त्यात आयएल-२ घातलं. आठवड्याभरात माध्यम पुन्हा पिवळं व्हायला लागलं, म्हणजे उरलेल्या खरोखरच जिवंत होत्या. मग त्या वाढलेल्या पेशींचे दोन भाग केले आणि एका भागाचं आयएल-२ पुन्हा काढलं, या वेळी मुद्दाम. खास असत्या तर त्यांची लेकरं तगायला हवी होती. ती पहिल्यांदाइतक्याच संख्येने मेली.

२००९ मध्ये एका वेगळ्या पेशीजातीवर, वेगळ्या मरणसंदेशावर असंच दिसलं होतं. नुकत्याच विभागलेल्या जुळ्या पेशी जवळपास एकाच वेळी मरतात, पण विभागून जितका वेळ जाईल तितकं त्यांचं मरण वेगवेगळ्या वेळी येतं. जनुकं तीच, त्या घडीला कुणाकडे कुठलं प्रथिन थोडं जास्त, कुणाकडे थोडं कमी, एवढाच फरक. माझ्या त्या सहा-सात जणींकडे शनिवारी बीसीएल-२ थोडं जास्त शिल्लक असेल, किंवा बिम जरा उशिरा बनलं असेल. आणखी एखादा दिवस आयएल-२ मिळालं नसतं तर त्याही गेल्या असत्या.

वाचनमात्र

म्हणजे तुम्ही रविवारी सुट्टी घेतलीत म्हणून बऱ्याच मेल्या, आणि सोमवारी वेळेवर आलात म्हणून थोड्या उरल्या.

सूक्ष्मदर्शी

इन्क्युबेटरच्या दारावर आता चिठ्ठी लावलीये: "आयएल-२ घातलं का?" खाली कुणीतरी पेनाने गळणारं पान काढून ठेवलंय.